दरोबस्त आणि खेरीज

इंग्रजी भाषेत एखाद्या माणसाने एखाद्या कार्यास स्वतःला पूर्णपणे वाहून घेतले असे सांगावयाचे झाले, म्हणजे त्या भाषेचे एका शब्दाने सहसा भागत नाही. 'हार्ट अँड सोल' म्हणजे अंतःकरण आणि आत्मा, 'बॉडी अँड सोल' म्हणजे देह आणि आत्मा, 'रूट अँड ब्रँच' म्हणजे मुळांपासून फांद्यांपर्यंत, 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' म्हणजे बंदुकीचा चाप, दस्ता आणि नळी यांसुद्धा, असे शब्दांचे जोड आणि त्रिकुटे पुढे करूनच तिला आपले समाधान करून घ्यावे लागते. 'कायावाचामने' आणि 'तनमनधन' यांत वाढलेल्या मराठी वाचकास यात काही नवल वाटत नाही, आणि शाळेत हे वाक्प्रचार घोकताना ते कोणा कवीच्या किंवा साधूच्या हृदयातून उमटले असावेत असा आपला सहज समज होतो. परंतु त्यांचा मागोवा घेत मागे मागे जाऊ लागले, की वाट देवघराकडे न जाता बहुधा दफ्तराकडे वळते, आणि तेथे भेटतात ते जमिनीचे दानपत्र लिहिणारा कारकून, कैफियत लांबवणारा वकील आणि सरकारी शस्त्रागारात बंदुकीचे सुटे भाग मोजून घेणारा कोठीवाला. या मंडळींना 'सर्व' या शब्दाचा भरवसा नव्हता. 'सर्व दिले' असे नुसते लिहिले, तर पुढच्या पिढीत कोणी तरी उठून 'सर्वांत विहीर धरली होती काय?' असे विचारणारच, ही धास्ती त्यांच्या लेखणीला कायम असे; आणि इंग्रजीतील संपूर्ण समर्पणाची भाषा, माझ्या मते, फार मोठ्या अंशाने या धास्तीतूनच उपजली आहे.

मध्ययुगीन इंग्लंडात जमीन देण्याचा मुख्य विधी लेखी नव्हताच. देणारा आणि घेणारा साक्षीदारांसह प्रत्यक्ष शेतावर जात, देणारा तेथील गवतासकट मातीचे ढेकूळ आणि झाडाची एक डहाळी घेणाऱ्याच्या हातावर ठेवी, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत काही ठराविक शब्द उच्चारी. कागद हा या प्रसंगाचा केवळ स्मरणार्थ ठेवलेला दाखला असे. जमिनीच्या बहुतेक व्यवहारांना लेख हवाच, असा निर्बंध इंग्लंडात 1677 साली घातला गेला. जेथे साक्षीदाराची स्मृती हाच दस्तऐवज, तेथे शब्द असे हवेत की जे वीस वर्षांनी पंचांपुढे उभे राहिले असताही जसेच्या तसे ओठांवर यावेत. म्हणून जुन्या सॅक्सन लोकांनी आपली हक्कांची भाषा अनुप्रासाने बांधली. 'टू हॅव अँड टू होल्ड', म्हणजे मालकी असावी आणि वहिवाट राहावी, हा जोड त्यातलाच. अकराव्या शतकातील राजाज्ञापत्रांत एखाद्या मठास किंवा सरदारास जमीन देताना 'सेक अँड सोक, टोल अँड टीम' असा एक मंत्र येतो. त्यातील पहिल्या दोन शब्दांनी न्यायनिवाड्याचा अधिकार, तिसऱ्याने जकात घेण्याचा आणि चौथ्याने गुराढोरांच्या मालकीचा वाद ऐकण्याचा अधिकार दिला जाई, आणि त्यापुढे बहुधा आणखी एक शब्द जोडलेला असे, ज्यायोगे आपल्या हद्दीत मुद्देमालासह सापडलेल्या चोराला फासावर देण्याची मुभा मिळे. चोर लटकावण्याच्या हक्कावाचून दान पुरे होत नाही, ही त्या काळाची संपूर्णतेची कल्पना होती.

1066 साली नॉर्मन आले आणि एका देशात तीन भाषांचा अंमल सुरू झाला. कुळे इंग्रजी बोलत, सरदार आणि न्यायाधीश फ्रेंच बोलत, आणि कागद लॅटिनमध्ये लिहिले जात. न्यायालयातील वादविवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा 1362 साली झाला, तोही फ्रेंच भाषेत लिहिलेला होता. आणि कज्जांची दफ्तरे इंग्रजीत ठेवण्याचा 1731 चा कायदा अमलात येण्यास 1733 साल उजाडले. या सहा-साडेसहा शतकांत लेखनिकाने आपली मान सुरक्षित ठेवण्याचा एक साधा उपाय शोधला होता, तो असा की एकाच वस्तूला दोन भाषांतील नावे लावून टाकावीत. 'विल' सॅक्सन म्हणून त्यास लॅटिन 'टेस्टमेंट' जोडले. 'गुड्स' सॅक्सन म्हणून त्यास फ्रेंच 'चॅटल्स' जोडले. 'लँड्स'च्या मागे 'टेनेमेंट्स' आले. मृत्युपत्र एकच, चीजवस्तू त्याच, परंतु शब्द दुप्पट. डेव्हिड मेलिंकॉफ या अमेरिकन विधिपंडिताने 1963 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजुतीला थोडा लगाम घातला आहे, आणि जोडशब्दांची ही खोड नॉर्मनांपूर्वीच सॅक्सन लोकांना जडलेली होती याकडे लक्ष वेधले आहे. मला वाटते, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सवय जुनी होती, आणि परकी भाषा दरबारात येऊन बसल्यावर त्या सवयीला सरकारी कारण मिळाले.

असे वाटण्याचे कारण आपल्या घरातच आहे. महाराष्ट्रात फारसीचा अंमल तीन-साडेतीन शतके दफ्तरावर राहिला, आणि आपणही लाजेला शरम, मानाला मरातब, धनाला दौलत, डावाला पेच आणि कागदाला पत्र जोडून बसलो. यांतील एक अवयव येथला आणि दुसरा यावनी, हे आज बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. मराठेशाहीतील इनामपत्रे पाहिली तर त्यांत ही दुहेरी वीण सनदेच्या ऐन गाभ्यातच आढळते. गाव इनाम दिला तो 'दरोबस्त', म्हणजे समूळ, संपूर्ण. पण एवढ्यावर लेखकाचे चित्त स्थिर होत नाही, म्हणून तो 'कुलबाब कुलकानू' लिहून सर्व करबाबी आणि सर्व नियम त्यात ओढतो, 'हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी' लिहून आजचे आणि उद्याचे कर त्यात घालतो, आणि मग फारसी कोठार रिकामे झाल्यावर संस्कृत उघडून 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' अशी पाण्यापासून पुरलेल्या धनापर्यंतची नामावळी गातो. दानाची धार्मिकता संस्कृताने सांभाळली आणि महसुलाचा हिशेब फारसीने. लंडनच्या लेखनिकास हा मजकूर कोणी समजावून दिला असता तर त्याने आपल्या जातभाईस तत्क्षणी ओळखले असते. मात्र या सर्व वर्षावानंतर सनदेत बहुधा एक कोरडा शब्द येतो, 'खेरीज हक्कदार व इनामदार', म्हणजे गाव दरोबस्त दिला खरा, परंतु पूर्वीचे वतनदार आणि इनामदार यांचे हक्क वगळून. दरोबस्त आणि खेरीज ही जोडगोळी एकदा लक्षात आली, म्हणजे इंग्रजी समर्पणाचे इतिहासही निराळ्या नजरेने वाचता येतात. कारण तेथेही जेवढे मोठे 'सर्व', तेवढेच जपून लिहिलेले 'खेरीज' त्याच्या पाठीशी उभे असते.

याचा अत्यंत स्वच्छ नमुना म्हणजे सरदाराच्या चाकरीत जाणाऱ्या माणसाने करावयाचा 'होमेज' नावाचा विधी. पंधराव्या शतकातील न्यायाधीश टॉमस लिटलटन याने जमीनधारणेवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याचे वर्णन बारकाईने केले आहे. धनी बसलेला असे. कूळ कंबरेची तलवार सोडून, उघड्या डोक्याने त्याच्यापुढे दोन्ही गुडघे टेकी, आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत देई, आणि आजच्या दिवसापासून पुढे मी प्राणाने, अवयवांनी आणि ऐहिक मानमर्यादेने तुमचा माणूस झालो, असे म्हणे. यापेक्षा अधिक काय द्यावयाचे उरते? परंतु याच दमात त्याला पुढचे शब्दही उच्चारावे लागत: आमच्या स्वामी राजाशी असलेली माझी निष्ठा वगळून. शिवाय, लिटलटन सांगतो, कूळ जर धर्मसंघातील संन्यासी असेल तर त्याने 'मी तुमचा माणूस झालो' असे म्हणू नये, कारण तो अगोदरच ईश्वराचा झालेला असतो. आणि कूळ जर स्त्री असेल तर तिनेही 'मी तुमची झाले' असे म्हणू नये, कारण पतीवाचून दुसऱ्या कोणास असे म्हणणे तिला शोभणारे नाही. या दोघांनी नुसते 'मी आपणांस होमेज करतो' एवढेच म्हणावे. सर्वस्व अर्पण करण्याच्या विधीत एका शब्दाने कोणाचा अधिकार कोठे दुखावेल याचा इतका बारीक विचार करणारा हा न्यायाधीश मला नेहमीच फार लोभस वाटत आला आहे.

आता याच शब्दांना आपण दुसऱ्या मंडपात भेटू. इंग्लंडात मध्ययुगात विवाहाचे मंत्र लॅटिनमध्ये असले, तरी वधूवरांनी परस्परांस द्यावयाची वचने मात्र लोकभाषेत होती, कारण ज्याला अर्थ कळत नाही त्याचे वचन कसे धरावयाचे, हा प्रश्न धर्मपीठालाही पडलेला होता. टॉमस क्रॅनमर याने 1549 साली इंग्रजीतील पहिले सामुदायिक प्रार्थनापुस्तक सिद्ध केले, तेव्हा ही जुनी वचने थोड्याफार फरकाने त्यात आली, आणि आजही इंग्रजी चित्रपटांतील चर्चच्या दृश्यामुळे ती आपल्याकडील अनेकांच्या कानांवरून गेलेली आहेत. त्यांत वधूचा स्वीकार करणारा वर 'टू हॅव अँड टू होल्ड' म्हणतो, हे शब्द जमिनीच्या दस्तातले. 'आजच्या दिवसापासून पुढे' म्हणतो, हे शब्द गुडघे टेकलेल्या कुळाचे. आणि अंगठी घालताना मी आपल्या देहाने तुझा सन्मान करतो असे म्हणताना जो 'वर्शिप' शब्द वापरतो, तोही होमेजच्या इंग्रजी पाठात येतो. प्युरिटन पंथीयांनी या शब्दावर पुढे काहूर माजवले, कारण त्यांच्या कानाला त्यात देवपूजेचा वास आला, आणि पत्नीची पूजा ही मूर्तिपूजाच नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न होता. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ मान देणे एवढाच होता. तेव्हा 1662 च्या सुधारित पुस्तकातही तो कायम राहिला.

या वचनाचा शेवट वर आपली सर्व ऐहिक संपत्ती वधूला अर्पण करतो अशा अर्थाच्या शब्दांनी होतो, आणि येथे दफ्तरी सत्य आणि उच्चारलेले वचन यांतील अंतर अगदी उघडे पडते. इंग्लंडच्या सामान्य कायद्याप्रमाणे लग्न होताच वधूची जंगम मालमत्ता पतीची होई आणि तिच्या जमिनीचा वहिवाटदारही तोच होई. उलट त्याच्या 'सर्व' संपत्तीतून तिला जो हक्क मिळे तो म्हणजे विधवा झाल्यावर त्याच्या स्थावरापैकी एक तृतीयांशाचा, तोही हयातीपुरता, आणि 1833 च्या कायद्याने तो हक्कही पतीस सहज डावलता येऊ लागला. वेदीपुढे वराने सर्व दिले असे म्हणावयाचे आणि प्रत्यक्षात देवघेव उलट दिशेने व्हावयाची, असा हा व्यवहार शतकानुशतके चालला. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगण्याचा पुरता अधिकार देणारा कायदा इंग्लंडात झाला तो 1882 साली.

'हार्ट अँड सोल' या जोडाचा उगम मात्र दफ्तरातला नाही, हे कबूल केले पाहिजे. तो बायबलच्या जुन्या करारातून आला; ईश्वरावर सर्व अंतःकरणाने, सर्व जिवाने आणि सर्व शक्तीने प्रेम करावे, ही मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा विल्यम टिंडेल याच्या 1530 च्या भाषांतराने छापील इंग्रजीत आली, आणि 1611 च्या राजमान्य आवृत्तीने ती घरोघरी पोहोचवली. टिंडेल स्वतः 1536 साली या कामापायी जिवानिशी गेला. मौज अशी की, मूळ आज्ञेत ज्या तीन गोष्टी आहेत त्या मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत चार होतात, त्यांत बुद्धीची भर पडते. म्हणजे भक्तीची यादीही एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना वाढतच गेली. त्याच धर्मग्रंथातून उचललेल्या 'रूट अँड ब्रँच' या शब्दांना राजकारणाने नाव मिळवून दिले. 11 डिसेंबर 1640 रोजी लंडनच्या सुमारे 15,000 नागरिकांच्या सह्यांचा एक अर्ज पार्लमेंटपुढे आला, त्यात बिशपांची सत्ता मुळांसकट आणि फांद्यांसकट नाहीशी करावी अशी मागणी होती. 1646 साली ती नाहीशी झालीही; परंतु 1660 साली राजा परतला आणि त्याच्यामागोमाग बिशपही आपापल्या गाद्यांवर येऊन बसले.

लेखनिकाला लांब लिहिण्याचे पैसे मिळत, ही गोष्ट या इतिहासात विसरून चालणार नाही. दस्त आणि कैफियती यांची मजुरी लांबीवर आकारली जाई. पुढे 'फोलिओ' हे माप रूढ झाले, ते सामान्यतः 72 शब्दांचे आणि चॅन्सरी न्यायालयात 90 शब्दांचे असे. तेव्हा जेथे एका शब्दाने काम होते तेथे तीन शब्द लिहिणारा माणूस सावध तर ठरेच, पण चार पैसेही बाळगून असे. या प्रवृत्तीचा कळस 1596 साली झाला. मिलवर्ड विरुद्ध वेल्डन या दाव्यात वादीचा मुलगा रिचर्ड याने 120 ताव भरून एक प्रत्युत्तर दाखल केले. लॉर्ड कीपर एगर्टन याच्या मते त्यातील कामाचा मजकूर सोळा तावांत मावला असता. त्याने हुकूम केला की, फ्लीट तुरुंगाच्या अधिकाऱ्याने येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता रिचर्डला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आणावे, त्या कैफियतीच्या गठ्ठ्याला मधोमध भोक पाडावे, त्या भोकातून याचे डोके बाहेर काढावे, लिहिलेली बाजू बाहेर येईल अशा रीतीने ते बाड त्याच्या अंगाभोवती लोंबत ठेवावे, आणि बोडक्या डोक्याने त्याला तिन्ही न्यायालयांच्या कठड्यांपुढून फिरवावे. शिवाय राणीच्या खजिन्यात दहा पौंड दंड आणि प्रतिवादीस वीस 'नोबल' नाणी भरपाई. त्या शनिवारी हॉलमध्ये जमलेल्या वकिलांनी ती वरात पाहून काय बोध घेतला असेल ते असो. दस्तांची लांबी त्यानंतरही कमी झाली नाही.

बंदुकीच्या त्रिकुटाची कुळकथा याहून साधी आहे. अठराव्या शतकात इंग्रज सरकारचे शस्त्रखाते सबंध बंदुका विकत न घेता चाप एका कारागिराकडून, नळी दुसऱ्याकडून आणि पितळी साज तिसऱ्याकडून घेई, हे सुटे भाग लंडनच्या टॉवरमध्ये साठवी, आणि गरज पडेल तेव्हा लाकडी दस्ता बसवणाऱ्या सुतारांकडे आणि जुळणी करणाऱ्यांकडे सोपवी. बर्मिंगहॅम आणि त्याच्या आसपासच्या गावांची या कामावर गुजराण होती. कोठीवाल्याच्या वहीत चाप, दस्ता आणि नळी या तीन निरनिराळ्या बाबी असत, आणि तिन्ही हजर असतील तेव्हाच बंदूक पुरी समजली जाई. वाक्प्रचार म्हणून मात्र हे त्रिकूट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दिसू लागते, आणि 1817 सालच्या एका पत्रात वॉल्टर स्कॉटने त्यावर विनोद केलेला आहे. 1793 नंतर फ्रान्सशी युद्ध जुंपून बंदुका पुरेनाशा झाल्या, तेव्हा याच खात्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी बनवलेल्या 39 इंची नळीच्या बंदुका घाऊक घेतल्या, आणि पुढे नेपोलियनशी लढणाऱ्या इंग्रज शिपायाच्या खांद्यावर बहुतांशी हाच 'इंडिया पॅटर्न' होता. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकन इंग्रजीत 'होल नाइन यार्ड्स', म्हणजे पुरते नऊ वार, असा एक प्रयोग सर्वस्वाच्या अर्थाने चालतो, आणि कित्येक उत्साही मंडळींनी त्याचा संबंध लुगड्याशी जोडला आहे. नऊवारी नेसणाऱ्या समाजास ही उपपत्ती सुखावणारी असली तरी तिला आधार नाही. तो प्रयोग 1907 साली इंडियाना संस्थानातील एका वृत्तपत्रात आढळतो, आणि 1912 साली केंटकीत तोच 'पुरते सहा वार' असा येतो, यावरून मूळ सांगणाऱ्याच्या मनात विशिष्ट असे कोणतेच कापड नसावे.

परंतु संपूर्णतेच्या शब्दांनी प्रत्यक्ष इतिहासात काय उत्पात घडवला हे पाहण्यास मुंबईइतके चांगले स्थळ नाही. 23 जून 1661 रोजी इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा जो तह झाला, त्याच्या अकराव्या कलमान्वये मुंबईचे बंदर आणि बेट, त्यास लागून असलेले सर्व हक्क, उत्पन्न, प्रदेश आणि उपांगे यांसह, संपूर्ण आणि निरपवाद सार्वभौमत्वासकट चार्ल्सला देण्यात आले. लिस्बन आणि लंडन येथील लेखनिकांनी आपल्या परीने दरोबस्त लिहिले होते; मात्र 'उपांगे' म्हणजे नेमकी कोणती, हे लिहावयाचे राहिले होते. 1662 च्या सप्टेंबरात इंग्रज आरमार मुंबईपाशी येऊन ठेपले, तेव्हा साष्टी आणि ठाणे हीही मुंबईचीच उपांगे असा त्यांचा दावा होता. त्याच आरमारातून आलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो द कास्त्रो याने बेट म्हणजे फक्त बेट असा अर्थ केला, आणि वर ताबा घेण्यास आलेला इंग्रज अधिकारी सर अब्राहम शिपमन याच्याजवळील अधिकारपत्र यथाविधी नाही म्हणून तेही देण्याचे नाकारले. शिपमन आपल्या सुमारे चारशे लोकांनिशी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिला. तेथील हवापाण्याने 1664 साली तो स्वतः गेला आणि त्याची बहुतेक फौजही गेली. जेमतेम शंभरेक माणसे मागे उरली, आणि त्याचा चिटणीस हंफ्रे कुक याने पोर्तुगीज म्हणतील त्या अटींवर सही करून एकदाचा ताबा मिळवला.

तो दिवस 18 फेब्रुवारी 1665 चा. मुंबईतील एका पोर्तुगीज विधवेच्या, डोना इग्नेझ द मिरांडा हिच्या मोठ्या वाड्यात कागद पुरे झाले, आणि मग कुक बाहेर येऊन त्या भूमीवरून चालला, वाकून त्याने तेथील माती आणि दगड हातांत घेतले. ताबापत्रात तसे नमूद आहे. शतकानुशतके शेताच्या बांधावर चालत आलेला विधी अशा रीतीने अरबी समुद्राच्या काठी पार पडला. हाती आलेले दगडमाती मात्र एवढ्याशा बेटाचे होते, माहीमही त्यात नव्हते. पुढे ते कुकने आपल्या हिकमतीने घेतले. मेलो द कास्त्रोने आपल्या राजास त्या सुमारास लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. केवळ आपल्या आज्ञेस मान द्यावयाचा म्हणून मी हे करतो आहे, परंतु इंग्रजांनी मुंबईत पाय रोवला त्याच दिवशी हिंदुस्थान पोर्तुगालच्या हातून गेला असे समजावे, असा त्याचा आशय. संपूर्ण राजनिष्ठा आणि तीव्र नापसंती एकाच पत्रात नांदवणारा हा गृहस्थ कुकला दिलेल्या अटींतून आपले 'खेरीज' किती चिवटपणे वसूल करत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या निष्ठेविषयीचा आदर कमी होत नाही, उलट वाढतो.

चार्ल्सला हे बेट खर्चाचे वाटले, तेव्हा 27 मार्च 1668 च्या सनदेने त्याने ते कंपनीस देऊन टाकले. या सनदेतही सर्व हक्क, सर्व उत्पन्न, सर्व किल्ले अशी रीतसर नामावळी आहे. राखून ठेवली ती राजनिष्ठा आणि दर वर्षी 30 सप्टेंबरला सोन्याच्या रूपाने भरावयाचे दहा पौंड भाडे. जमीनधारणेच्या दृष्टीने मुंबई त्या दिवशी केंट परगण्यातील ईस्ट ग्रिनिच या जहागिरीच्या पद्धतीवर गेली, कारण लंडनच्या कारकुनाजवळ समुद्रापलीकडील जमिनीसाठी तोच एक मसुदा तयार होता. आणि ज्या साष्टीवरून एवढा वाद झाला ती कोणाच्या हाती गेली? 1737 साली ठाणे आणि साष्टी मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतली, 1739 साली चिमाजी अप्पाने वसई सर केली, आणि 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला लढून घेतला. 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. विवाहाच्या तहातील 'उपांगे' या एका शब्दाचा अर्थ इंग्रजांच्या मनाप्रमाणे लागण्यास अशी एकशे एकवीस वर्षे आणि तीन सत्तांच्या लढाया लागल्या.

लांबलचक दस्तांवर अखेर इलाज सापडला तो कायदेमंडळाला. इंग्लंडात 1881 साली आणि हिंदुस्थानात 1882 साली असे ठरवण्यात आले की, ही संपूर्णतेची यादी दर खरेदीखतात लिहिण्याऐवजी एकदाच कायद्यात लिहून ठेवावी. आपल्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे आठवे कलम हेच सांगते: उलट हेतू दिसत नसेल तर हस्तांतर करणाऱ्याचा त्या मालमत्तेतील सर्व हितसंबंध घेणाऱ्याकडे जातो, जमीन असेल तर तिच्यावरील वहिवाटीचे हक्क आणि जमिनीस संलग्न असलेल्या वस्तू, घर असेल तर कुलुपे, किल्ल्या, अडसर, दारे आणि खिडक्या यांसकट. एवढे असूनही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आज नोंदवली जाणारी मराठी खरेदीखते उघडून पाहावीत. 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' ही सनदी नामावळी त्यांत संगणकावर टंकलिखित होऊन विराजमान असते, आणि ती वगळली तर पक्षकारच लेखनिकाकडे संशयाने पाहतो. यातील जल आणि पाषाण यांविषयी विकणाऱ्याचा अधिकार आता कितीसा उरला आहे, हा वेगळाच प्रश्न आहे, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने नदीनाल्यांचे पाणी आणि खनिजे सर्वसामान्यतः राज्य सरकारची मानली आहेत. निधीची कथा त्याहून जुनी आहे. 1878 च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते; त्याचा मूळ धनी कोणी निघाला नाही, आणि सापडणारा व जमिनीचा मालक यांच्यात आपसांत ठरले नाही, तर सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश मिळतात, आणि ज्याने ती जमीन निधिनिक्षेपासह खरेदी केली त्याच्या वाट्यास एक चतुर्थांश येतो.